घट्ट झालेली बाही

टेलरबाईंनी आयुष्यभर लोकांच्या बाह्या सैल करून दिल्या. गिऱ्हाईक अंगानं सुटायचं आणि शिलाईच्या नावानं खडे फोडायचं. बाई हसायच्या, उसवायच्या, पुन्हा शिवायच्या.

एक दिवस मोरीत त्यांचा पाय घसरला, सगळा भार उजव्या हातावर आला आणि मनगट मोडलं. डॉक्टरांनी हाड ओढून बसवलं, खालून प्लास्टरची पट्टी लावून वर बँडेज गुंडाळलं. “आवळायला लागलं तर लगेच या,” असं बजावलंही.

आवळलं. बोटं टम्म फुगली. पण दवाखान्यासाठी सुनेला रजा कशाला टाकायला लावायची? आणि घट्ट बाहीचं काय करायचं, हे बाईंना कुणी शिकवायला हवं होतं थोडंच! त्यांनी ब्लेडनं बँडेज उभं उसवलं, बोटभर सैल सोडलं आणि डाव्या हातानं शिवलं. टाके वाकडे आले. असलं काम हातावर मिरवायचं? उसवलं, परत शिवलं. तरी मन भरेना. शिवण एकदाची सरळ येईपर्यंत मोडलेलं मनगट मांडीवर इकडून तिकडे वळत राहिलं. कळ आली, पण मोडलेला हात दुखणारच, असं त्यांनी गृहीत धरलं.

तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. “हाड सरकलं, आजी. आणि तसंच जुळत आलंय. हे कुणी उघडलं?”

सुनेनं शिवणीवरून बोट फिरवलं. ते टाके तिला लगेच ओळखू आले. “आई, एक फोन करायचात की हो मला!”

“तू कामात असतेस गं,” बाई पुटपुटल्या.

“पुन्हा बसवता येईल ना?” सुनेनं विचारलं.

“ऑपरेशन करावं लागेल, आणि यांचं हृदय बघता मी ते सुचवणार नाही. जेवणखाण, हलकी कामं जमतील. कात्री मात्र… नाही वाटत.”

बँडेज कचऱ्याच्या बादलीत गेलं, हातावर नवं प्लास्टर चढलं. बाईंना रडू आवरेना. चूक दुसऱ्या कुणाची असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

प्लास्टर निघाल्यावर शेजारीण लेकीचा झगा घेऊन आली. “बाही घट्ट होतेय हो. तुम्हाला काय, चुटकीसरशी होईल!”

बाईंनी कात्री घेतली. अंगठा कडीत गेला, मनगट वळेना. कात्री खाली पडली.

“ठेवून जा,” त्या म्हणाल्या. नाही म्हणायचं त्यांना अजून जमत नव्हतं.