डेकच्या पोटावरचा ढग

"हा डेक... चोत्तो..." एवढं बोलून कानेको-सान थांबल्या आणि आमची मीटिंग तिथेच संपली.

"चोत्तो" म्हणजे थोडंसं. पण जपानी माणसाने मान किंचित वाकडी करून वाक्य अर्धवट सोडलं, की त्याचा अर्थ "नाही" असा घ्यायचा. लग्नाच्या बोलणीत वरपक्ष "कळवतो" म्हणतो ना, तसंच. बाकीच्या दुकानदारांनी कानेको-सानकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं आणि सगळे हळूहळू चहाचे कप गोळा करायला लागले.

मी ट्रान्स्पोर्ट प्लॅनर आहे. शहरात माणसं कुठून कुठे चालतात, कुठे अडतात, हे बघून रस्ते, जिने, पूल सुचवायचे, हे माझं काम. मूळची पुण्याची, आता राहते इचिकावाला, ऑफिस तोक्योत. आडनाव साने, त्यामुळे ऑफिसात मी साने-सान. सान म्हणजे आपलं 'जी'. दोनदा सान लावल्यासारखं ऐकू येतं, पण इथे ते कुणाला गमतीचं वाटत नाही, म्हणून मी एकटीच हसून घेते.

प्रोजेक्ट होता नदीकाठच्या एका जुन्या बाजारपेठेच्या रीडेव्हलपमेंटचा. आपल्या सोसायट्यांचं होतं तसंच. छोटे जागामालक एकत्र येतात, जुनी दुकानं पाडून मोठी इमारत उभी राहते आणि प्रत्येकाला तीत जागा मिळते. कायद्याला बहुमत पुरतं. पण इथे हात मोजून काम रेटणं अडाणीपणाचं समजतात, सगळे "हो" म्हणेपर्यंत थांबायचं. या गल्लीत सगळे म्हणजे कानेको-सान. वय ऐंशीच्या पुढे, चहापत्तीचं दुकान, आवाज मांजरीएवढा. त्यांनी मान हलवली की गल्लीची मान हलते.

त्यांना टॉवर चालणार होता, नवीन दुकान चालणार होतं. घोडं पेंड खात होतं ते माझ्या डेकपाशी.

डेक म्हणजे माणसांना चालायला केलेला उंचावरचा पूल. नगरपालिकेची मंडळी अमेरिकेच्या मधल्या भागातली नदीकाठची शहरं बघून आली होती. तिथे थंडीपायी इमारतीच वरच्या वर पुलांनी जोडलेल्या असतात. त्यांना ती कल्पना आवडली आणि मला तर फारच आवडली, कारण इथे तिची खरी गरज होती. नदीचा बंधारा दोन मजले उंच, स्टेशनचं दारही वरच्या मजल्यावर आणि मधली बाजारपेठ खाली, बशीत ठेवल्यासारखी. पुराचा इशारा आला की म्हाताऱ्या माणसांनी पायऱ्या चढून स्टेशनकडे जायचं. डेक झाला तर लिफ्टने वर यायचं आणि सरळ चालत जायचं. व्हीलचेअर असो, बाबागाडी असो. लीड म्हणून हा माझा पहिला प्रोजेक्ट. डेक गेला तर माझं नाक जाईल हे होतंच, पण ती माणसं पुन्हा पायऱ्याच चढत बसतील, याने माझा जीव खालीवर होत होता.

आमच्या परीने आम्ही सगळं करून पाहिलं. दुकानांवर सावली पडते म्हणून छप्पर काढलं. लिफ्ट दुसरीकडे नेली. कठड्याचा रंग बदलला. प्रत्येक वेळी कानेको-साननी ड्रॉइंग मन लावून पाहिलं, "फार कष्ट घेतलेत" म्हणून वाकून आभार मानले आणि शेवटी म्हणाल्या, "चोत्तो..."

माझे बॉस यामाने-सान कमी बोलणारे. परतीच्या ट्रेनमध्ये ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात शहराची कमिटी आहे. दुकानदारांचा होकार नसेल तर डेक कागदावरून काढावा लागेल."

"पण त्यांना नक्की काय नकोय, हे त्या सांगतच नाहीत!"

"मीटिंगमध्ये कोण सांगेल? जा, चहा प्या. ड्रॉइंग नेऊ नका."

इथली ही पद्धतच आहे. मीटिंगमध्ये फक्त ठरलेलं जाहीर करायचं, ठरवायचं ते आधी घरोघरी जाऊन. आपल्याकडे नेमकं उलटं, मीटिंगमध्ये भांडायचं आणि नंतर बाहेर टपरीवर ठरवायचं.

मी गेले. ड्रॉइंग पर्समध्ये घडी करून ठेवलं होतंच. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय एका दिवसात थोडीच जाते.

कानेको-साननी चहा ओतला. गिऱ्हाईक नव्हतं. मी इकडेतिकडे बघत होते. कोपऱ्यात उंचावर लाकडी देव्हारा होता, छोट्या देवळासारखा. असे इथे जुन्या दुकानांत असतात. पण त्याच्या बरोबर वर, छताला, एक पांढरा कागद चिकटवला होता. त्यावर शाईने एकच अक्षर काढलेलं, "ढग" या अर्थाचं.

"छताला ढग कशाला?" मी विचारलं.

त्या तोंडावर हात धरून हसल्या. "वरच्या मजल्यावर मुलगा-सून राहतात. नातवंडं धावतात. देवाच्या डोक्यावर पाय पडतात ना. मग ढग लिहायचा. म्हणजे वर मजला नाही, आकाश आहे, असं देवाला सांगायचं."

"आणि देव मानतो?"

"आजवर तक्रार आली नाही."

मला हे इतकं आवडलं की मी चहा सांडला. आमच्या घरी कुणी झोपलेल्या माणसाला ओलांडलं, तर आई परत उलटं ओलांडायला लावायची. मी ते सांगितलं. त्यांनी दुसरा चहा ओतला. मग बोलता बोलता मी गल्लीच्या टोकाला असलेल्या उंच, अरुंद, कुलूपबंद खोलीबद्दल विचारलं. आमच्या सर्व्हेत तिची नोंद "गोदाम, वापरात नाही" अशी होती.

"त्यात ओमिकोशी आहे," त्या म्हणाल्या. ओमिकोशी म्हणजे देवाची पालखी. जत्रेच्या दिवशी माणसं ती खांद्यावर घेऊन गल्लीतून नाचवत नेतात. "आधी कोरोना झाला. मग उचलायला माणसं उरली नाहीत. तरुण सगळे तोक्योत."

"कुठून जायची?"

त्यांनी बोटाने काचेबाहेर दाखवलं. गल्लीतून, कोपऱ्यावर वळून, नदीकडे. आणि मग बोट खाली घेतलं. त्या रस्त्यावर आडवा, बरोबर मधून, माझा डेक जात होता.

मी पुण्याची. गणपतीचा देखावा लक्ष्मी रोडवरून जाताना वरच्या वायरी बांबूने उचलून धरणारी पोरं बघत लहानाची मोठी झालेली. देव खालून जाणार आणि वरून माणसं चपला घालून चालणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. फक्त ते माझ्या डोक्यात इतके महिने आलं नव्हतं, कारण मी डेक बघत होते आणि देव कुलपात होता.

"पण तुम्ही हे बोलला का नाहीत?"

"कसं बोलायचं?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "पालखी निघतच नाही. खोलीत बसलेल्या देवासाठी म्हाताऱ्यांची पुरातली वाट अडवायची? मी स्वतःच म्हातारी. तो स्वार्थ झाला असता."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे तिने सबंध गल्लीला गप्प बसवलं होतं. डेक हवा असं म्हणवत नव्हतं आणि नको म्हणायची लाज वाटत होती. मला त्या बाईंना मिठी मारावीशी वाटली. जपानमध्ये असं करत नाहीत, म्हणून मी आणखी एक चहा मागितला.

ऑफिसात यामाने-सानना सांगितलं. त्यांनी दातांमधून हवा ओढली. इथे साहेबांनी अशी हवा ओढली की मामला कठीण आहे असं समजायचं.

"पालखीचा रस्ता बदलता येईल?" त्यांनी विचारलं.

"देवाचा रस्ता आहे. बसचा नाही."

"डेक दुसरीकडे?"

"दुसरीकडे बंधाऱ्याची उंची जमत नाही."

"जत्रेच्या वेळी डेकला कुलूप?"

"पुराची वाट आहे. कुलूप लावू देणार नाहीत."

"मग?"

"मग ढग लिहू या," मी म्हणाले. "डेकच्या खाली, पोटावर. मोठ्ठा."

ते इतके हसले की शेजारच्या टीममधली माणसं उभी राहून बघायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा चहाच्या दुकानात. या वेळी ड्रॉइंग उघडपणे काढलं, उलटं धरलं आणि त्यांच्या छताकडे बोट दाखवलं. कानेको-साननी कागदाकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. "पुजाऱ्यांना विचारते," म्हणाल्या. पण तोंडावर हात गेला होता, तेव्हाच मला उत्तर कळलं. पुजारी म्हणाले, ढग चालेल, फक्त पालखी जाताना तेवढा वेळ वर कुणी उभं राहू नये. चार स्वयंसेवक वर उभ्या माणसांना मागे सारतील, असं ठरलं.

आता प्रश्न राहिला खांबांचा. डेकचा एक खांब नेमका त्या वळणावर होता. गाडी वळताना किती जागा घेते हे तपासायचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आहे. त्यात बस आहे, ट्रक आहे, आगीचा बंब आहे. पालखी नाही. शिवाय ट्रक आनंदाने डुलत नाही. म्हणून मी म्हटलं, खरी पालखीच वळवून बघू.

"सर्व्हेसाठी पालखी काढलेली देवाला चालेल?" मी भीतभीत विचारलं.

"देव जत्रेच्या दिवशी पुजारी आणून बसवतात," कानेको-सान म्हणाल्या. "तोवर ती रिकामी."

म्हणजे आपल्या गणपतीसारखंच. प्राणप्रतिष्ठेआधी तो टेम्पोतून येतो.

उचलायला माणसं मात्र नव्हती. मी इचिकावाच्या मराठी ग्रुपवर मेसेज टाकला, "रविवारी कोण मोकळं आहे? वजन उचलायचंय." धडाधड होकार आले. सगळ्यांना वाटलं कुणीतरी घर बदलतंय. आठवडाभर लॅपटॉपपुढे वाकलेले हिंजवडीचे आणि ठाण्याचे इंजिनियर सकाळी स्टेशनवर उतरले. माझा नवरा संदीप सर्वांत उंच. माझी मुलगी ईरा बाबांकडे बघून म्हणाली, "पापा, दाइजोबु?" म्हणजे झेपेल ना. त्याने दंड दाखवले.

खोलीचं कुलूप उघडलं. सोनेरी कळस, लाल दोर, काळं चकचकीत लाकूड. इतकी वर्षं बंद असूनही धुळीचा कण नव्हता. कोणीतरी येऊन पुसत होतं. कोण, ते मी विचारलं नाही. कानेको-सान फडकं पदराआड लपवावं तसं पाठीमागे धरून उभ्या होत्या.

खांबाच्या जागी काय ठेवायचं? यामाने-सान म्हणाले, "मी उभा राहतो." हेल्मेट घालून, हात अंगाशी घट्ट धरून, ते वळणावर खांब झाले.

दुकानदार आजोबांनी आमच्या मुलांना उंचीप्रमाणे लावलं. तरीही संदीपच्या बाजूने पालखी वर उचलली गेली, त्याला गुडघे वाकवून चालावं लागलं. "वास्शोइ! वास्शोइ!" आजोबांनी पालखी उचलतानाच्या आरोळीला सुरुवात केली. आमच्या पोरांनी ते दोन मिनिटं म्हटलं आणि मग मागून कुणीतरी "गणपती बाप्पा" म्हणून ओरडलंच. "मोरया!" गल्ली दणाणली. जपानी आजोबांनी क्षणभर विचार केला आणि तेही "मोओर्या!" म्हणायला लागले. आधी डगमगत असलेली पालखी आता चक्क नाचायला लागली. बंद शटरं वर झाली. वरच्या मजल्यावरून बघणाऱ्या बायका खिडक्या लावून घाईघाईने खाली आल्या. पालखी रिकामी होती, तरी.

वळणावर दांड्याचं टोक फिरलं आणि टण्णकन आमच्या खांबाच्या हेल्मेटवर बसलं. खांब आडवा झाला.

सगळे थिजले. यामाने-सान रस्त्यावर बसल्या बसल्या शांतपणे म्हणाले, "साने-सान, खांब हलवा."

खांब हलवला. पुढच्या मीटिंगमध्ये कानेको-सान उठून उभ्या राहिल्या. मान सरळ होती. "या डेकला आमचा होकार आहे," एवढंच म्हणाल्या, पूर्ण वाक्य. बाकीचे हात एकदम वर गेले. मला रडू आलं आणि मी ते सर्दीवर ढकललं.

शहराच्या ऑफिसातून एक फोन मात्र आला. डेकच्या खाली जे अक्षर आहे, ती जाहिरात समजायची, दिशादर्शक पाटी की कलाकृती? यामाने-सान म्हणाले, "हवामान." शेवटी ते कलाकृतीत बसवलं.

टॉवर अजून उभा राहतोय, डेक आधी झाला. अक्षर कानेको-साननीच लिहिलं, त्यांच्या ब्रशने, आणि ते मोठं करून डेकच्या पोटावर बसवलं. यंदा जत्रेला पालखी निघाली, या वेळी देव बसवून. आमची पोरं होतीच, त्यांनी आता "वास्शोइ" नीट पाठ केलंय. पालखी डेकखाली आली तेव्हा वर कुणी नव्हतं. कानेको-सान मात्र खाली माझ्याशेजारी उभ्या राहून वर बघत होत्या.

"कसा दिसतो?" मी विचारलं.

"चोत्तो..." त्या म्हणाल्या. सवयीने माझा हात पर्समधल्या ड्रॉइंगकडे गेला. "चोत्तो मोठा झाला. पण पाऊस नाही पडायचा."

आता नवीन गल्लीत सर्व्हेला गेले की इथून काय काय जातं हे मी विचारतेच. पण त्याआधी विचारते, इथून पूर्वी काय जायचं. आणि खांब म्हणून कुणी उभं राहणार असेल, तर आधी चांगलं हेल्मेट देते.