दुपारचं माप

बांबूकाका चालताना समोर पाहत नसत, वर पाहत. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी संध्याकाळी सगळे पाण्याकडे बघत फिरतात; काका खांबांवरच्या तारांकडे बघत चालायचे आणि दोनदा तरी कुणाच्या तरी अंगावर आदळायचे. लग्नाला गेले की आधी मांडवाची कमान निरखायचे, नवरानवरी नंतर. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारायच्या आधी म्हणाले, "पाच फूट दीड इंच." मी सगळ्यांना पाच-दोन सांगत असे.

आमची कंपनी अवजड वाहतुकीची, ऑफिस शंकर नगरात. कारखान्याचे बॉयलर, ट्रान्सफॉर्मर असा रस्त्यात न मावणारा माल मोठ्या ट्रेलरवर चढवून हळूहळू न्यायचा, हा धंदा. सरकारी परवाने काढणं माझ्याकडे होतं आणि गाडीच्या आधी जाऊन सगळा रस्ता मोजून येणं काकांकडे. मोटारसायकलला बांधलेला तीन तुकड्यांचा बांबू ते जागेवर जोडायचे, त्यावर फुटाफुटाला लाल पट्टे. पूल, कमानी, फांद्या, तारा, सगळं त्या बांबूनं मोजायचं. मालकांनी एकदा लेझरचं यंत्र आणून दिलं. काकांनी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. "चांगलं हाये," म्हणाले, "पाहुणे आले की दाखवू."

उभ्या गाडीची त्यांना फार धास्ती. परवाना अडकला की ट्रेलर रिंग रोडच्या कडेला आठ-आठ दिवस उभा राहायचा. ड्रायव्हर खाली सावलीत स्वयंपाक करायचे, पत्ते खेळायचे, मजेत असायचे. काका मात्र आजारी माणसाला भेटायला जावं तसे रोज जाऊन यायचे. मी चिडवलं तर म्हणायचे, "गाडी थांबली म्हणून रस्ता थोडीच थांबते, पोट्टे? तो आपलं काम करूनच राहिला." एकदा अकरा दिवसांनी परवाना आला आणि काका पुन्हा मोजायला निघाले. मालक वैतागले. पण मधल्या दिवसांत एका पुलाखाली नवं डांबर पडलं होतं आणि पुलाची उंची चार बोटं कमी झाली होती. जुन्या मापावर गेलो असतो तर ट्रान्सफॉर्मर पुलात रुतला असता. त्या दिवसापासून मालक काकांना भैयाजी म्हणू लागले.

उन्हाळ्यात त्यांचा एकच हट्ट असे. तारांचं माप दुपारी दोनच्या पुढेच घ्यायचं. "सकाळी तार ताठ असते. दुपारी तापली की झोपते." सकाळी पोचले तरी खांबाजवळच्या झाडाखाली दोन वाजेपर्यंत बसून राहायचे. डब्यात बासी, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, आणि कांदा. ही शिस्त वीज कार्यालयालाही माहीत होती. मे महिन्यात तिथले साहेब मापाच्या कागदावर आधी वेळेचा रकाना बघायचे. दुपार लिहिलेली नसेल तर कागद परत.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात एका कारखान्याचा बॉयलर निघायचा होता. गाडी उभी असतानाच परवान्याचे दिवस संपत आले होते, नवा काढायचा तर पुन्हा महिना. काका शेवटच्या टप्प्यात होते, एका गावाबाहेरच्या तारेजवळ. सकाळी साडेनऊला मी फोन केला.

"काका, माप झालं ना? वापस या. आज एकच्या आत वीज कार्यालयात कागद जमा केले नाही तर गेलं सगळं."

"सकाळचं झालं. दोन वाजेपर्यंत बसतो, मग येतो."

"दोन वाजता काय करता? ऑफिस बंद झाल्यावर?"

ते आले. त्यांच्या वहीत लिहिलं होतं, सकाळी नऊ, माल आणि तारेत मोकळी जागा हातभर. मी कॉम्प्युटरवर टाइप करताना वेळेच्या रकान्यात दुपारी दोन लिहिलं. बोटं अडखळलीसुद्धा नाहीत. काकांनी छापील कागद डोळ्यांजवळ धरून वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता फाडतील.

"काहून असं केलं?" एवढंच म्हणाले. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, बारा वाजले होते. त्यांनी सही केली आणि पेन बंद करत म्हणाले, "जाऊ दे. मी गाडीसंगं जातो. अकराच्या आत तिथून काढून टाकू."

दुसऱ्या दिवशी गाडी पहाटेच निघाली, पण रेल्वे फाटकावर अडकली. एकामागून एक मालगाड्या, मग फाटकाचंच काहीतरी बिघडलं. काका तासातासाला फोन करत होते. साडेअकराला म्हणाले, "अजून इथंच हावो." नंतर दोन तास फोन नाही. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसेना. मी खिडकीतून समोरच्या खांबाकडे पाहिलं. तोवर कधी पाहिलं नव्हतं. तार खरंच खाली आलेली दिसत होती, की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

अडीचला फोन आला. "पोट्टे, तारेपाशी आलो. झोपली हाये लय. थांबवतो गाडी. उद्या सकाळी काढू."

"काका, परवाना आज सहापर्यंतच आहे."

पलीकडे ट्रेलरचं इंजिन घुरघुरत होतं. मी "थांबवा" म्हणाले असते तर ते थांबले असते. मी काही म्हणाले नाही.

"हव," ते म्हणाले. "मग मीच वर चढून पाहतो. दुसऱ्याले नाही चढवत."

बॉयलरवर उभं राहून ते हातानं ड्रायव्हरला इशारे करत होते, हळू, अजून हळू. नंतरचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

चौकशी झाली. कागदावर दुपारी दोन होतं आणि खाली काकांची सही. हातभर जागा लिहिली होती, प्रत्यक्षात चार बोटंसुद्धा नव्हती. म्हातारा माणूस, माप चुकलं, असं ठरलं. त्यांची वही त्यांच्या खिशातच होती, ती कुणाच्या हाती लागण्यासारखी राहिली नव्हती. साऱ्या ट्रान्सपोर्टवाल्यांत, जिथे त्यांच्या शब्दावर गाड्या हलायच्या, तिथे लोक हळहळून म्हणायचे, शेवटी बांबूकाका पण चुकले.

तेरवीला मी चौबे कॉलोनीत त्यांच्या घरी गेले. काकूंनी मला आत आपल्याजवळ बसवलं. बाहेर पाहुणे जेवत होते. काकूंनी माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "तूच तं लिहिते ना ते कागद? खरं सांग मले. दुपारीच मोजलं होतं ना त्याइनं?"

नोकरी, पोलीस, मालक, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. काकांचा चेहरा मात्र आला नाही, याची मला आजही लाज वाटते.

"हो काकू," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात सोडला नाही, उलट थोपटला. "मग नजरच गेली असंल त्याइची," म्हणाल्या. "चष्म्याचा नंबर वाढला म्हणत होते. मीच लक्ष नाही देलं."