आर्क्टिकला नेलेला नारळ

कॅनडात उत्तरेला रस्ता जिथे संपतो, तिथे आर्क्टिक समुद्र लागतो. त्या किनाऱ्यावर मला एक मराठी गृहस्थ भेटले. नवराबायको एडमंटनहून ड्राइव्ह करत आले होते. नाव विचारायची इच्छा झाली नाही.

"अटलांटिक झाला, पॅसिफिक झाला, हा शेवटचा," ते म्हणाले, घरातली कामं उरकल्यासारखं. समुद्राकडे त्यांची पाठ होती आणि सगळं लक्ष बायकोच्या फोनकडे.

मग त्यांनी कूलरमधून हळदकुंकू लावलेला नारळ काढला, दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. शेजारी जाळं सोडवत बसलेला गावातला म्हातारा उठून उभा राहिला. त्याने टोपी काढली.

"आलं का नीट?" गृहस्थांनी एक डोळा उघडून बायकोला विचारलं. ती हो म्हणाली, तसा नारळ परत कूलरमध्ये गेला.

"अहो, समुद्राला वाहायचा ना?" मी म्हटलं.

"व्हिडिओ झाला की. इथल्या ग्रोसरीत नारळ मिळतो का? संध्याकाळी चटणी होईल."

त्यांची गाडी दिसेनाशी झाली तरी म्हातारा टोपी हातात धरून तसाच उभा होता. पूजा अजून व्हायची आहे, असं त्याला वाटत असावं.