गारगोटीची सुजाता

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की चहा मागवून विषय बदलणारा माणूस मी. आजही देवऋषी, गंडेदोरे यांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण हे लिहितोय, कारण यात भूत असो-नसो, माझी चूक नक्की आहे.

कोल्हापूर, शिवाजी पेठ. मी आणि दिना शाळेपासूनचे मित्र. दिनाचं घर बौद्ध, आमचं मराठा. त्याची ये-जा आमच्या स्वयंपाकघरापर्यंत होती, आणि आमच्या घराला या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान होता. नव्वदच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. कॅसेट फुंकून लावायची अन् दोघांनी खेळायचं. सुट्टीत दिवसच्या दिवस गेले त्यात.

पुढे दिना शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत लागला, मी एका दुकानात हिशेबनीस झालो. सन दोन हजारनंतर पेठेत सायबर कॅफे निघाला. प्लायवूडच्या फळ्या मारून केलेल्या केबिन. पहिली पाळी संपली की दिना चारला तिथे यायचा आणि एका खुल्या चॅट रूममध्ये गेमवर वाद घालायचा. रोमन लिपीत, दोन बोटांनी.

"मर्दा, नव्या गेमात चित्रं झकास हायती," तो मला म्हणायचा, "पण मेलास की तिथंच परत जित्ता. मग मरायचं भ्या कसलं? आपल्या येळला तीन जीव म्हंजी तीन जीव!"

रूममधली पोरं त्याला 'म्हातारबा' म्हणायची. मला गंमत सुचली. मी 'सुजाता' नावाचा आयडी काढला. गाव गारगोटी, भावाबरोबर गेम खेळायची आवड, जुनेच गेम खरे असं मत. शेजारच्या केबिनमध्ये बसून मी टाईप करायचो आणि तोंडात रुमाल कोंबून हसायचो.

पंधरा दिवस हे चाललं. मग तालमीच्या टीमकडून फुटबॉल खेळताना माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. घरी कॉम्प्युटर नव्हता. वाटलं, उत्तर आलं नाही की विसरेल.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात दिनाची आई घरी आली. "चांगलं स्थळ आलंय बाबा, पोरगी मास्तरीण हाय. ह्यो म्हणतोय, एका पोरीला शब्द दिलाय. तुझं ऐकतोय त्यो. इचार की."

रविवारी दुपारी त्याच्या घरी गेलो आणि एका दमात सांगून टाकलं, "दिना, ती सुजाता म्हणजे मी."

तो चिडला नाही. "पयलं पंधरा दिस तू हुतास. ठावं हाय मला. फळीपल्याड तुझी बटणं वाजायची थांबली की हिकडं तिचं वाक्य यायचं."

"मग बोलला का नाहीस?"

"म्हटलं, कधी सांगतोय बघू या." त्याने कपाटातून प्लास्टिकची फाईल काढली. कॅफेवाल्याकडून काढून घेतलेल्या प्रिंट. "तू पडलास, म्हटलं संपला खेळ. तर दुसऱ्याच दिशी ती आली. हे कोण? नाव सांग."

मी पानं उलटली. सहा आठवड्यांतल्या तारखा. तोच आयडी, ज्याचा पासवर्ड मी कुणाला दिला नव्हता. पण बोलणं माझं नव्हतं. ती त्याच्या फाउंड्रीत भाजलेल्या हाताची चौकशी करत होती, जेवलास का विचारत होती. आणि एका पानावर लिहिलं होतं — तू जिंकायला लागलास की तुझा मित्र पायाच्या अंगठ्याने गेमचं रिसेट दाबायचा आणि ओरडायचा, व्होल्टेज गेलं.

हे खरं होतं. आणि जगात मी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही.

"मला माहीत नाही रे ही कोण," मी म्हणालो.

"तुमच्या घरातल्याबिगर हे कुणाला ठावं असणार? तुमच्या पावण्यातली, नात्यातली हाय न्हवं? नाव सांग, मी रीतसर मागणी घालतो."

"आईशप्पत दिना, अशी कुणीच नाही."

तो फाईल मिटून म्हणाला, "व्हय. मागणी माझी हाय म्हटल्यावर कुणीच नसणार."

त्या दिवसानंतर सुजाता कधी आली नाही, हे मला त्याच्या आईकडून कळलं. तिलाही मी गप्प केलं, असाच त्याचा समज झाला. मास्तरणीचं स्थळ दुसरीकडे गेलं. दिनाने लग्न केलं नाही. माझ्याशी तो आजतागायत बोललेला नाही.

पासवर्ड कुणी चोरला म्हणावं, तर रिसेटचं त्याला कुठून कळलं? झोपेत बडबडलो म्हणावं, तर ऐकणारा कोण? तो आयडी मी नंतर उघडून पाहिला, माझाच पासवर्ड चालला, आत काही नव्हतं... वीस वर्षं झाली. ती कोण होती, मला माहीत नाही.

पण ती खरंच आमच्या पावण्यातली असती, तर मी दिनाला तिचं नाव सांगितलं असतं का? हे मात्र मला माहीत आहे. नसतं सांगितलं.