पातेल्यातली मूठभर साखर

हेमंतला मी शेवटचं पाहिलं ते माझ्याच स्वयंपाकघरात. रविवारची दुपार होती. रग्बीचा सामना आटोपून तो आला, घासून लख्ख केलेलं माझं मोठं पातेलं ओट्यावर ठेवलं, "ताई, उसळ एक नंबर!" म्हणाला आणि चहालाही न थांबता गेला. पातेल्याच्या तळाशी नेहमीसारखी मूठभर साखर होती. मंगळवारी सकाळी मकरपुऱ्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघताना तो जागीच कोसळला. फोन त्याच्या टीममधल्या जिग्नेशचा आला. माझा धाकटा भाऊ चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला, त्याला आता दीड महिना झाला.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यामुळे अंगात रग असणं हा आमच्याकडे गुणच मानतात. हेमंत मात्र गरीब गाय. अलकापुरीतल्या सायबर कॅफेत बसबसून त्यानं हा लांबट चेंडूचा खेळ शोधून काढला, कुठून कुठून पोरं जमवली, आणि एका संध्याकाळी मी कणीक मळत असताना म्हणाला, "ताई, आमच्या टीममधली अर्धी पोरं गे आहेत. मीसुद्धा." माझे हात परातीतच राहिले. मी विचारलं, "आणि उरलेली अर्धी?" "ती नुसतीच चांगली आहेत." आम्ही दोघंही खो खो हसलो. हसता हसता तो रडायला लागला, तेव्हा पिठाच्या हातांनीच मी त्याला जवळ घेतलं.

या खेळात एक रीत आहे. ज्यांच्या मैदानावर सामना, त्यांनी पाहुण्या संघाला जेवू घालायचं. क्लबकडे ना खोली, ना चूल. मग समा भागातलं माझं घर होतंच. मी पातेलंभर शेव-उसळ करायची आणि दोन्ही संघ हॉलमध्ये मांडी घालून बसायचे. एकदा मैदानावर आमच्या पोरांना नको ते बोललेला एक धटिंगण माझ्याकडे तिसऱ्यांदा पाव मागत होता. हेमंत त्याला आग्रह करकरून वाढत होता. ते रविवार मला फार हवे आहेत...

मग माझ्या लेकीला, मेघनाला बघायला मंडळी यायची ठरली. सोसायटीत कुजबुज होतीच. मी हेमंतला म्हटलं, "या वेळी पोरांना घरी नको आणूस. लोक काय काय बोलतात..." तो म्हणाला, "बरं. उसळ करून देशील? मैदानावरच जेवू." संध्याकाळी पातेलं परत आलं, तेव्हा त्यात पहिल्यांदा साखर होती. घरचं माणूस भांडं रिकामंच आणतं. साखर घालून देतात ते शेजारीपाजारी.

मेघनाचं लग्न थाटात झालं, पंगतीत वाढायला हेमंतच पुढे होता. पण पोरं पुन्हा घरी आली नाहीत. "आता आण की रे त्यांना," एवढं म्हणायला मला सहा वर्षं पुरली नाहीत. एकदा नुसतं विचारलं, "अरे, साखर कशाला?" "रिकामं भांडं कसं द्यायचं, ताई?" तो इतक्या साधेपणानं म्हणाला, की पुढचं मी गिळलं. भित्री होते मी, दुसरं काही नाही.

तेराव्याला पोरं आली आणि फाटकाबाहेरच उभी राहिली. आत या म्हणायला मी गेले, तर जिग्नेश म्हणाला, "ना ताई, अमे अहींया बराबर छीए." इथंच बरे आहोत म्हणे. मी त्याचा हात धरून सगळ्या सोसायटीदेखत त्याला आत आणलं. बाकीची मागोमाग आली.

मागच्या रविवारी सामना होता. पाहुण्यांना घेऊन घरीच या, असं मी बजावलं होतं. जेवणं झाली, पोरांनी भांडी घासली, जिग्नेशनं न विचारता चहाचं आधण ठेवलं. साखरेसाठी फडताळ धुंडाळताना त्याच्या हाताला झाकलेली वाटी लागली. हेमंतनं आणलेली शेवटची साखर. डब्यात मिसळायला माझा हात धजला नव्हता.

"ताई, आ खांड नाखुं?" वाटी आधणावर धरून त्यानं विचारलं.

"नाख," मी म्हटलं.

चहा जरा जास्तच गोड झाला होता. सगळे गेल्यावर ओट्यावर पालथं घातलेलं पातेलं मी उचलून पाहिलं. रिकामं होतं.