चपलांची तोंडे जिन्याकडे

आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी विक्रोळीत एका शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये उपासनेला जमते. आत सतरंज्या, मागे गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या. चपला बाहेर, जिन्याच्या माथ्यावर काढायच्या. त्या जागेत साठ-सत्तर जोड मावतात. ते घालणारी माणसे एकदम आली तर मावत नाहीत.

मंडळीच्या पंचांची निवडणूक झाली आणि मी पडलो. मला पाच मते मिळाली. त्यातली चार घरची. पाचवे कोणाचे, हे अजून कळलेले नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रभूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर प्रवचन केले. ते माझ्याकडे बघून केले, असे मला वाटले. पत्नीच्या मते ते सगळ्यांकडे बघून केले होते.

मी ठरवले, की मंडळीतले सर्वांत खालचे काम करायचे. चहाच्या वेळी, चारजणांना ऐकू जाईल अशा आवाजात मी सेक्रेटरींना सांगितले, की यापुढे बाहेरच्या चपला मी लावीन.

"चपला?" ते म्हणाले. "तशी पोस्ट नाही, ब्रदर."

"मला पोस्ट नकोच आहे."

"तरी ड्यूटी चार्टवर काहीतरी लिहावं लागेल ना."

त्यांनी लिहिले, 'पादत्राण सेवा प्रमुख'. हाताखाली कोणी नव्हते. पुढच्या रविवारी त्यांनी लॅमिनेट केलेला बिल्ला आणला. त्यावर 'सेवक' असे छापले होते. मी तो शर्टाला लावला. खिशाच्या जरा वर, म्हणजे पेनामुळे झाकला जाणार नाही असा.

दाराबाहेर एका स्टुलावर मावशी बसायच्या. त्या कुणाच्याच मावशी नव्हत्या, म्हणून सगळ्यांच्या होत्या. एका हॉस्पिटलात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्या. कान जवळजवळ गेलेले, गुडघे वळत नसलेले. गर्दी नको म्हणून बाहेर बसतात, असा आमचा समज होता.

"मावशी, तुम्ही आता आत बसा," मी कानाशी जाऊन म्हणालो. "पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय. इथलं मी बघतो."

"काय बघतोस?"

"चपला."

त्यांनी बिल्ल्याकडे पाहिले. मग "बरं" म्हणाल्या आणि भिंत धरून आत गेल्या. स्टूल मी घेतले.

पहिल्या रविवारी मी चपलांचे वर्गीकरण केले. पुरुष, स्त्रिया, मुले. त्यात पुन्हा मापानुसार. सगळ्यांची तोंडे भिंतीला टेकवून टाचा एका ओळीत आणल्या. मोबाइलवर फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, 'नम्र प्रयत्न'. आशीर्वचन होईपर्यंत अकरा जोडलेले हात आले होते. म्हणजे आत उपासनेत अकराजण मोबाइल बघत होते.

मग दार उघडले. कोणाचीच चप्पल त्याने काढली तिथे नव्हती.

"अगं, मी कोपऱ्यात काढलेली!"

"कोपऱ्यात लहान मुलांचा सेक्शन आहे, सिस्टर," मी सांगितले.

"सेक्शन? चपलांना सेक्शन कशाला रे बाबा?"

त्यातच चपलांची तोंडे भिंतीकडे. चप्पल घालायला भिंतीकडे वळायचे, घालून झाली की परत जिन्याकडे वळायचे. एक माणूस वळला तर हरकत नाही. तीस माणसे एकदम वळली. एका सिस्टरचा केकचा डबा एका ब्रदरच्या कोपरावर आपटून जिन्यावरून खाली गेला. पाळकसाहेबांना मुलुंडला लग्न लावायला पोहोचायचे होते. ते घाईत पाय सारून निघाले. अर्ध्या तासाने त्यांचा फोन आला.

"ब्रदर, काळ्या सँडल एकसारख्या दिसतात म्हणून तुम्ही कुणाच्याही जोड्या लावल्यात का?"

"का, साहेब?"

"उजवा पाय प्रभूची स्तुती करतोय. डावा फार दुखतोय."

जिन्यात सेक्रेटरी म्हणाले, "कमाल आहे. इतकी वर्षं इथं साधा धक्का लागला नव्हता." या वाक्याचा पाठपुरावा करायला हवा होता. तो मी केला नाही. माझी सगळी नोकरी बातमीदारांना पाठपुरावा करा म्हणून सांगण्यात गेली होती.

दुसऱ्या रविवारी मी खडूने रेघा मारल्या. तिसऱ्या रविवारी कागदी टोकन वाटली. ती लोकांनी बायबलमध्ये खूण म्हणून ठेवली आणि घरी नेली. तरीही कमिटीने वार्षिक सभेत माझा सत्कार ठरवला. शाल आणि मानपत्र. सेक्रेटरी खासगीत म्हणाले, की निवडणुकीचे मनावर घेऊन मी दुसऱ्या मंडळीत जाऊ नये, असा त्यामागे विचार आहे. मंडळीतली मानपत्रे नेहमी मीच लिहितो, म्हणून हेही माझ्याकडेच आले. 'प्रसिद्धीपासून अत्यंत दूर राहणारे' असे मी लिहिले. दुसऱ्या खर्ड्यात 'अत्यंत' काढले.

त्या सुमाराला पाळकसाहेबांनी विचारले, "मावशी दोन रविवार आल्या नाहीत. त्या पावसातही चुकल्या नाहीत कधी. तुम्ही बघून येता?"

मावशींची खोली टेकडीवरच्या चाळीत, जिन्याला लागून होती. दार उघडे होते. उंबऱ्याच्या आत त्यांच्या स्लिपर होत्या, तोंडे बाहेर. मी माझी चप्पल काढून आत गेलो.

"बिल्ला नाही लावला?" त्या म्हणाल्या.

"मावशी, बरं नाही का?" मी कानाशी जाऊन मोठ्याने विचारले.

"मला काय झालंय?"

"मग येत का नाही?"

"येऊन काय करू? ऐकू येत नाही. पहिल्या रांगेत बसवलंस, तिकडे मला झोप लागते. पाळक बोलतायत आणि मी समोर घोरतेय. शोभतं का?"

"पण बाहेर बसूनही ऐकू येत नव्हतंच ना?"

"बाहेर काम होतं."

"कसलं काम?"

त्या उठल्या. भिंत धरून दाराशी आल्या आणि माझी चप्पल पायाच्या अंगठ्याने, न वाकता, जागच्या जागी उलटी फिरवली. डावी, मग उजवी. तोंडे जिन्याकडे. "वॉर्डात पेशंटच्या खाटेखाली अशी ठेवायची. उठला की पाय सरळ आत जातो. वळायला लागलं, की पडतो माणूस. तुमची उपासना चालू असते तेवढ्यात सगळ्या फिरवून होतात माझ्या. जागा नाही बदलायची. नुसतं फिरवायचं."

इतकी वर्षे धक्का का लागला नव्हता, हे मला तेव्हा कळले. मंडळीत ते कोणालाच माहीत नव्हते.

"तेवढीच माझी प्रार्थना होती," त्या म्हणाल्या. "ती तू घेतलीस. घे. पण नीट तरी कर."

मी म्हणालो, वार्षिक सभेत हे सगळे सांगतो. शाल तुम्हाला मिळाली पाहिजे, मानपत्रही नवीन लिहितो.

"माझं नाव घेतलंस तर तंगडी मोडीन. मग सगळे बाहेर पडताना थँक्यू मावशी, थँक्यू मावशी करणार. कोण ऐकत बसणार? मला तर ऐकूही येत नाही."

"मग मी लोकांना सांगू काय?"

"सांग, तुला जमलं नाही. खोटं आहे का?"

खोटे नव्हते. मी कमिटीला तसेच सांगितले. सेक्रेटरींनी इतिवृत्तात नोंद केली: 'सदर बंधूंना चपलांचे काम न जमल्याने त्यांनी पद सोडले; सत्कार स्थगित.' ते मोठ्याने वाचून दाखवले आणि सर्वानुमते मंजूर झाले. निवडणुकीत मला सर्वानुमते काहीच मिळाले नव्हते. शाल आणलेली होती, ती केकचा डबा फुटलेल्या सिस्टरला दिली.

पुढच्या रविवारी स्टूल जागेवर होते आणि मावशी स्टुलावर. आशीर्वचनानंतर मंडळी बाहेर पडली, पाय सारले, बोलत बोलत जिना उतरली. कोणी खाली बघितले नाही. नाव येणार नाही या अटीवर मावशींनी मला हे लिहू दिले आहे. वाचणार नाही, असेही सांगितले आहे.

मी शेवटी बाहेर आलो. भिंतीशी एकच जोड उरला होता, माझा. तोंडे भिंतीकडे.

"मावशी, एवढीच राहिली का?"

"राहिली नाही. ठेवली," त्या म्हणाल्या. "तू फिरव. पायाने. वाकायचं नाही."

डावी जमली. उजवीला तीन प्रयत्न लागले.