लांब दस्त्याची रायफल

एकता वानखेडेला कुणी "जरा जपून" म्हटलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. अकोल्याहून सिंगापूरच्या विद्यापीठापर्यंत ती जपून आलेलीच नव्हती. क्लेमेंटीत भाड्याची खोली, आणि काम बर्फाखाली वाढणाऱ्या शेवाळावर.

त्या शेवाळासाठी आता उत्तर ध्रुवाकडच्या बेटावर जायचं होतं. तिथं पांढरी अस्वलं हिंडतात, म्हणून किनाऱ्यावर उतरणाऱ्या तुकडीच्या प्रमुखाला शिकारीची मोठी रायफल चालवता यावी लागते. अगदी गळ्याशी आलंच तर. ज्याला येत नाही त्यानं बोटीत बसून इतरांनी आणलेल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या. शेवाळ एकताचं, आणि तिचा सहकारी सौमित्र, पुण्याचा, चांगला उंचापुरा, गोड आवाजात सांगत होता की तू कशाला त्रास घेतेस, बंदुकीचं मी बघतो. सौमित्र वाईट नव्हता. मदत करता करता पुढची जागा बळकावायची त्याला सवय होती, एवढंच.

फोनवर आईनं, कमलाबाईंनी, पंचशीलाची आठवण करून दिली. रोज प्राणिहिंसा करणार नाही म्हणतेस आणि बंदूक धरतेस? एकता म्हणाली, अस्वलही जगावं आणि मीही, म्हणूनच शिकतेय. कमलाबाई म्हणाल्या, असं असेल तर नीट शीक.

सिंगापूरच्या नेमबाजी क्लबात शिकवायला लिम अंकल होते. पहिल्याच बाराला रायफलीचा मागचा दस्ता खांद्यावर असा आदळला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं का, अंकलनी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. दुखलं म्हणायचं नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. वसतिगृहात, प्रयोगशाळेत, जिथं जिथं ती आपल्या घरातली पहिलीच होती, तिथं हूं की चूं केलं की लोक म्हणायला मोकळे, बघा, झेपलं नाही. म्हणून ती दात आवळून बार काढत राहिली, घरी येऊन खांद्यावर बर्फ धरत राहिली, आणि गोळ्या मात्र निशाणाखालच्या मातीत जात राहिल्या.

एका रविवारी अंकलनी तिच्या नकळत दारू नसलेलं काडतूस भरलं. तिनं चाप ओढला. बार झालाच नाही, तरी नळी खाली झुकली, खांदा मागे पळाला, डोळे मिटले. मागे आपल्या पाळीची वाट बघत बसलेला सौमित्र हसला. एकताचे कान तापले, पण खोट कुठे आहे ते तिला लख्ख दिसलं. धक्का येण्याआधीच अंग पळ काढत होतं.

"दुखतंय, अंकल," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"व्हाय नेव्हर से, ला?" अंकल आपल्या सिंगापुरी इंग्रजीत चिडलेच. त्यांनी रायफल रिकामी करून तिचा दस्ता एकताच्या कोपराच्या आत टेकवला. तिचं बोट चापापर्यंत पोचेना. एवढ्या लांब दस्त्यापायी ती मागे रेलत होती आणि सगळा मार दंडाच्या हाडावर घेत होती. सौमित्र म्हणाला, रायफली मोठ्या मापाच्याच असतात गं. एकतानं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

अंकलनी दस्त्याच्या टोकाच्या चकत्या काढून तो आखूड केला. मग शिकवलं: दस्ता गळपट्टीच्या हाडाखालच्या खळग्यात घट्ट धर, डावा पाय पुढे, भार पुढे, आणि धक्का आला की त्याच्याशी भांडू नकोस, अंग जाऊ दे. तिनं अंग जाऊ दिलं. दुखलं, पण सोसण्याजोगं. चाप ओढताना नळी जागची हलेना झाली.

चाचणीच्या दिवशी तिच्या सगळ्या गोळ्या निशाणात बसल्या. मोहिमेचे प्रमुख, प्रोफेसर श्रीनिवास, खूश झाले. मग जरा घुटमळून म्हणाले की बोटीवरच्या रायफली मात्र लांब दस्त्याच्याच आहेत. तेवढं अ‍ॅडजस्ट करशील ना? नाहीतर सौमित्र आहेच.

आयुष्यभर या प्रश्नाला ती हो म्हणत आली होती.

"नाही, सर," एकता म्हणाली. "तुकडी मी नेणार. या वेळी रायफल अ‍ॅडजस्ट होईल."

आणि तिथंच, त्यांच्यासमोर उभं राहून, तिनं बोटवाल्यांना फोन लावला आणि दस्त्याचं माप सांगितलं.